उन्हात केस पाहणाऱ्या मंदाताई

रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या आमच्या गल्लीत कुणाचे किती केस पिकलेत हे सगळ्या गल्लीला माहीत असायचं, आणि त्याला कारण मंदाताई. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दोन खुर्च्यांचं पार्लर होतं. केस रंगवायला आलेल्या बाईला त्या आधी खुर्चीत बसूच देत नसत. हाताला धरून फाटकाबाहेर नेत. तिथं भर रस्त्यात त्या बाईनं केस मोकळे सोडून उन्हात उभं राहायचं, आणि मंदाताईंनी एकेक बट उचलून, बोटांत चुरगाळून, नाकाशी नेऊन पाहायची. भाजीवाला हातगाडी थांबवून बघत राहायचा. समोरचे अंकल पेपर जरा खाली घ्यायचे. एखादी नवी बाई लाजून म्हणायची, दीदी, अंदर देख लो ना. मंदाताई बटेवरची नजर न काढता सांगायच्या, "अंदर सबके बाल काले दिखते हैं. ट्यूबलाइट झूठ बोलती है."

आभाळ भरून आलं की रंगाचं काम बंद. पावसाळ्यात बायका आधी घरातून आभाळ बघायच्या आणि मग मंदाताईंकडे निघायच्या. हा नियम कसा सुरू झाला तेही त्या न लपवता सांगत. "एका पोट्टीचे केस मी जाळले. संध्याकाळ होती. दिव्यात पाह्यलं अन् फसली. तवापासून ऊन नसल तर मी ब्रश हातात घेत नाही." ती मुलगी कोण, हे मात्र त्यांनी कधीच कुणाला सांगितलं नाही.

ती पोट्टी मी. आणि माझे केस मंदाताईंनी जाळले नव्हते. हे दोघींनाच ठाऊक होतं, मला आणि माझ्या आईला.

मंदाताई मूळच्या पुलगावच्या. नवरा रेल्वेत, त्यांच्या बदलीनं रायपूरला आल्या. मुलगी रेणू तीन वर्षांची असताना नवरा गेला. नातेवाइकांनी परत या म्हटलं, पण त्यांनी नागपूरला बहिणीकडे राहून पार्लरचा कोर्स केला आणि पुन्हा इथंच येऊन बोर्ड लावला. बुटक्या, भरल्या अंगाच्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, दहाही नखं मेंदीनं कायमची नारिंगी. स्वतःचे केस मात्र पांढरेशुभ्र. कुणी टोकलं की म्हणत, "मी रंगवले तर आरशात तुमच्याकडं कवा पाहू? स्वतःलेच पाहत बसीन." गल्लीतली लहानथोर सगळी त्यांना मंदाताई म्हणत, हिंदीभाषक बायका दीदी म्हणत. आमच्यासारख्या विदर्भातून आलेल्या चार घरांशी त्या मराठीत बोलत, आणि बाकी जगाशी आपल्या खास हिंदीत.

रंगांचे प्रकार त्या गिऱ्हाइकापुढं असे मांडायच्या, की घरात चार सुनांची ओळख करून देत आहेत असं वाटावं. मेंदीबद्दल सांगत, "मेंदी बाहेरून बसते, केसाले धरून ठेवते. पण पांढऱ्यावर नारिंगी येते. उन्हात गेली की डोक्यावर दिवा लागला समज." मेंदीवर दुसऱ्या दिवशी नीळ, म्हणजे निळीच्या पाल्याची पूड, लावायची असेल तर इशारा द्यायच्या, की केस काळे होतील, पण दोन दिवस घरात गवताचा वास राहील, नवऱ्याला आधी सांगून ठेवा. बाजारातली काळी पावडर त्यांना मनातून आवडायची नाही. जोड्याला पॉलिश केल्यासारखं दिसतं, म्हणायच्या. आणि क्रीम? "क्रीम केसाचं दार उघडते, आत जाते, मंग रंग बसते. दार नीट लावता आलं पाहिजे, नाही तर केस वाऱ्यावर."

कुरळ्या केसांवर त्यांचा विशेष जीव. नवऱ्याचे केस कुरळे होते, रेणूचेही. त्या सांगायच्या, "कुरळा केस तहानलेला असते बाई. सरळ केसावर तेल मुळापासून टोकापर्यंत घसरत जाते. कुरळ्यावर वळणावळणाले अडकते, टोकाले पोचतच नाही. म्हणून त्याले मेंदी दह्यात कालवून दे, अन् क्रीम लावलं तर वेळ कमी ठेव." हे सगळं मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं आहे. कमी वेळ, पण लाव, असंच त्या तेव्हा म्हणायच्या. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं माझ्यामुळं ते बदललं.

माझे केस इतके कुरळे की आई त्यांना सुगरणीचं घरटं म्हणायची. बाविसाव्या वर्षीच त्यात पांढरे दिसायला लागले. घरात लग्नाचं बोलणं चालू होतं, तेव्हा आईनं उपाय हाती घेतला. लोखंडाच्या कढईत भिजवलेली मेंदी जास्त काळी होते हे सगळ्याच आया जाणतात. पण आमचे बाबा उरल्याच्या औद्योगिक वसाहतीत एका लोखंडाच्या रोलिंग मिलच्या स्टोअरमध्ये होते. आईनं सरळ विचार केला, की नुसत्या कढईनं एवढा फरक पडतो तर खऱ्या लोखंडानं किती पडेल. तिनं बाबांना मिलमधून लोखंडाचा चुरा आणायला लावला. तो मलमलच्या फडक्यात बांधून, चहाचं पाणी आणि आवळा घातलेल्या मेंदीत पुरचुंडी सोडायची, आणि तीन दिवस कढई झाकून ठेवायची. चौथ्या दिवशी जे निघायचं त्याला मेंदी म्हणणं धाडसाचं होतं, ते डांबरच. पण केस खरोखर काळे व्हायचे. राठ व्हायचे, जड व्हायचे, पण काळे. मी दोन वर्षं दर महिन्याला ते लावत होते.

मग भोपाळपासून वेगळं नवीन राज्य झालं, आमचं रायपूर राजधानी झालं आणि मला मंत्रालयात क्लार्कची नोकरी लागली. मंत्रालय तेव्हा एका जुन्या इस्पितळाच्या इमारतीत भरायचं. भोपाळहून अधिकाऱ्यांची कुटुंबं येत होती, आणि त्या बायकांचे केस बघून मला माझ्या डोक्याची लाज वाटायला लागली. त्यांच्या केसांना तपकिरी रंगाची मऊ झाक असायची. माझं डोकं भर उन्हात तव्याच्या बुडासारखं दिसायचं. त्यात एका शनिवारी मला सांगण्यात आलं, की सोमवारपासून सचिवांच्या दालनाबाहेरच्या टेबलावर बसायचं. मी ऑफिसातून थेट मंदाताईंकडे गेले. संध्याकाळ झाली होती.

आत दोन भोपाळच्या बायका बसलेल्या होत्या. मंदाताईंनी मला विचारलं, ह्याच्या आधी केसाला काय लावलं? मेंदी लावलेली असेल तर क्रीम नाही, आधी ते केस वाढून कापले जाऊ देत, हा त्यांचा नियम तेव्हाही होता. आता त्या दोघींसमोर मी काय सांगणार होते? बाबांच्या मिलमधला भंगाराचा चुरा आई माझ्या डोक्यावर थापते म्हणून? मी म्हटलं, "काही नाही. फक्त आवळा."

त्यांनी दिव्याखाली बट धरून पाहिली. केस राठ लागून राहिले, म्हणाल्या. उद्या सकाळी ये, उजेडात पाहू. मी म्हटलं, उद्या आमच्याकडे पाहुणे आहेत. पाहुणे वगैरे कुणी नव्हते. त्या माझ्याकडे बघून हसल्या. पोट्टीला पहिली चांगली जागा मिळाली, तिचा हट्ट पुरवू, असं त्यांना वाटलं असणार. त्यांनी तपकिरी क्रीम कालवलं.

पाचेक मिनिटांत डोकं तापायला लागलं. मी बोलले नाही, कारण त्या दोघी आरशातून माझ्याकडे बघत होत्या. आणखी तीन-चार मिनिटांनी मंदाताईंनी सहज डोक्याला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मग त्यांनी मला जवळजवळ ओढतच नळाखाली नेलं. पाणी ओतत होत्या आणि त्यांच्या हातात केस येत होते. लांबच्या लांब बटा, ओल्या, रबरासारख्या ताणल्या जाऊन तुटणाऱ्या. डाव्या कानाच्या वर आणि टाळूवर हाताच्या पंजाएवढी जागा बोटभर खुंटांची उरली. कातडीला फार झालं नाही, तेवढं नशीब.

मी रडत होते हे खरं, पण मला आठवतो तो मंदाताईंचा चेहरा. त्या नळ बंद करायचं विसरल्या होत्या. त्याच साडीत, त्याच हातांनी त्या माझ्याबरोबर घरी आल्या आणि माझ्या आईसमोर हात जोडून उभ्या राहिल्या. "माह्या हातानं तुमच्या पोरीचं नुकसान झालं," म्हणाल्या. आईनं माझ्याकडे पाहिलं. तिला एका नजरेत सगळं कळलं होतं. मी मान खाली घातली. आई म्हणाली, जाऊ द्या ताई, केसच आहेत, येतील. त्या क्षणी आम्हा मायलेकींपैकी कुणीही तोंड उघडलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. लोखंडाचा चुरा दुसऱ्या दिवशी कचऱ्यात गेला, आणि त्या विषयावर आम्ही मायलेकी पुन्हा एका शब्दानं बोललो नाही.

त्यानंतर दोन वर्षं दर रविवारी मंदाताईंनी माझे केस सांभाळले. खोबरेल कोमट करून एकेका वळणाला लावायच्या, टोकं छाटायच्या, उरलेल्या केसांनी खुंट झाकले जातील असा भांग पाडायच्या. सोमवारी मी डोक्याला ओढणी गुंडाळून त्या टेबलावर बसलेच. कुणाचं लक्षही गेलं नाही. सगळं ऑफिस आपापल्या क्वार्टरच्या चिंतेत होतं. केस परत आले, आधीपेक्षा बरे आले, पण रविवारी त्यांच्याकडे तेल लावून घेण्याची सवय सुटली नाही. लग्नही झालं, नवरा रायपूरचाच, त्यामुळं मी गल्ली सोडून फार लांब गेले नाही. पण मंदाताईंचं जे गेलं ते परत आलं नाही.

त्या दिवसानंतर त्यांनी कुरळ्या केसांना क्रीम लावणं बंद केलं, म्हणजे अगदी कायमचं. माझी एक तुटलेली बट त्यांनी दोऱ्यानं बांधून, कागदाच्या पुडीत घालून पावडरच्या रिकाम्या डब्यात ठेवली होती. कुणी कुरळ्या केसांची मुलगी क्रीम मागायला आली की तो डबा निघायचा. "हे पाह. कुरळा केस आतून पोकळ असते. क्रीम त्याले जाळते. मी जाळून पाह्यलं हाय." मुलगी घाबरून मेंदीला तयार व्हायची, नाही तर उठून जायची. मी कितीतरी रविवार त्या दुसऱ्या खुर्चीत बसून, डोक्याला तेल चोपडलेलं, स्वतःच्याच केसांची ही साक्ष ऐकलेली आहे. माझं नाव बाहेर पडू नये म्हणून त्या माझ्याकडे चुकूनही बघायच्या नाहीत.

दर वेळी मी ठरवायचे, आज सांगू. मग वाटायचं, आता इतके दिवस झाले, आता सांगून त्यांना उगाच दुखवायचं. आपल्याला जे करायचं नसतं ते न करण्यातच दुसऱ्याचं भलं दिसायला लागतं, आणि मी तर सरकारी क्लार्क. फाइल पुढं न सरकवण्याची कारणं शोधणं हा माझा पेशाच.

रेणू मोठी झाली. बापासारखे कुरळे केस, आईसारखा हट्ट. मराठी सगळं समजायचं, उत्तर हिंदीत. तिनं आईपेक्षा मोठा कोर्स केला, कात्री धरण्याचा हात आईपेक्षा हलका होता, आणि तिला काम करायचं होतं ते नेमकं कुरळ्या केसांवर. रायपूरमध्ये कुरळ्या केसांच्या मुली काय कमी आहेत? नवीन दुकानं निघाली होती, पण तिथं सगळ्यांना एकच सल्ला मिळायचा, आधी सरळ करून घ्या, मग रंगवा. रेणूचं म्हणणं होतं की सरळ कशाला करायचे, कमी ताकदीचं क्रीम घ्या, वेळ निम्मा ठेवा, आधी एका बटेवर लावून बघा. म्हणजे पूर्वी तिची आई जे सांगायची तेच. पण तिची आई आता ते ऐकून घ्यायला तयार नव्हती.

एका रविवारी माझ्यादेखतच दोघींची जुंपली. रेणूनं स्वतःच्या एका बटेला क्रीम लावून आणलं होतं, सुंदर तपकिरी वळण, कुठं काही बिघडलेलं नाही. मंदाताईंनी ती बट उन्हातही नेली नाही. त्यांनी डबा काढला. रेणू म्हणाली, "माँ, एक लड़की से सबका फैसला कैसे हो गया? हो सकता है उसने कुछ और लगाया हो."

मंदाताई म्हणाल्या, "तिनं सांगतलं होतं. फक्त आवळा. मी तिले ओळखतो, ती पोट्टी खोटं नाही बोलत."

मी त्या खुर्चीतून उठले, काहीतरी निमित्त सांगितलं आणि तेलकट डोक्यानं घरी आले. त्या दिवशी मला स्वतःची जेवढी शिसारी आली तेवढी त्याआधी आणि नंतर कधी आली नाही.

वर्षभरात रेणू वेगळी झाली. नवा रायपुरात, मंत्रालयाच्या कर्मचाऱ्यांच्या फ्लॅट्सजवळच्या बाजारात तिनं गाळा घेतला आणि मागच्याच फ्लॅटमध्ये राहायला गेली. एव्हाना आमचं मंत्रालयही तिकडे गेलं होतं. रुंद रस्ते, मधूनच एखादी बस, माणसांपेक्षा दिव्यांचे खांब जास्त. मी रोज बसनं जायचे आणि कधी दुपारी तिच्या दुकानात डोकावायचे. तिचं चांगलं चाललं होतं. कुरळ्या केसांच्या मुली शहरातून तिच्याकडे यायला लागल्या होत्या. चौबे कॉलोनीत मात्र ती दिवाळीलाच यायची, फराळ देऊन तासाभरात परत. एकदा तिनं मला चहा देताना सांगितलं, की माँ को लगता है उनके हाथ में ही दोष है. क्रीमची ट्यूबही त्या आता समोरच्या बाईलाच उघडायला सांगतात, आणि तेच काम रेणू रोज करते म्हणून त्यांना तिची भीती वाटते, राग नाही. तिला तिच्या आईची काळजी होती हे तिच्या आवाजात ऐकू येत होतं. मी चहा संपवला आणि ऑफिसात जाऊन बसले. 

मग मंदाताईंचे गुडघे गेले. दिवसभर उभं राहणं होईना. रेणूनं दोनदा येऊन सांगितलं, माझ्याकडे चला. त्या नाही म्हणाल्या. पुलगावला भाऊ होता, त्याच्याकडे जायचं त्यांनी ठरवलं. घर रिकामं करायला सुरुवात झाली तेव्हा मी मदतीला गेले. मी विचारलं, लेक इथं असताना पुलगावला काहून? त्यांच्याशी बोलताना माझीही भाषा तशीच व्हायची. त्या खुर्च्यांवरची रेक्झिनची खोळ काढत होत्या.

"तिच्या दुकानामागंच घर हाय. मी जे पाप समजतो ते ती रोज करते. मी तिथं बसून पाहू का? एखाद्या दिवशी एखादीचे केस तिच्या हातात आले, तं मी कुठं तोंड लपवू? माह्या हातातून ते तिच्या हातात गेलं म्हणतील."

मग त्यांनी शेल्फ आवरायला घेतलं. रिकाम्या बाटल्या, तुटके कंगवे, सगळं पोत्यात. तो पावडरचा डबा हातात आला तसा त्यांनी पुसला आणि पुलगावच्या पेटीत ठेवला. त्या पेटीत एवढंच होतं, साड्या, नवऱ्याचा फोटो आणि हा डबा.

तिथं मला बसवेना. मी म्हटलं, "मंदाताई, मी तेव्हा खोटं बोलले होते. आवळा नव्हता नुसता. मेंदी होती, आणि आई त्यात लोखंडाचा चुरा घालायची."

त्या वळल्या. पहिली दोन-तीन मिनिटं त्यांनी जे विचारलं ते एखाद्या डॉक्टरनं विचारावं तसं होतं. कुठला चुरा? उरल्याचा. बारीक की जाड? किती दिवस भिजवायची? किती महिने लावली? शेवटची कधी लावली होती? मी सगळं सांगत गेले. शेवटची त्या शनिवारच्या आधी दहा-बारा दिवसच. त्यांनी डोळे मिटून मान हलवली. "लोखंडावर क्रीम. तापणारच ते." आणि मी शपथेवर सांगते, त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर समाधान दिसलं. वीस वर्षं न सुटलेलं गणित सुटलं होतं.

मग त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं.

"काहून नाही सांगतलं?"

मी म्हटलं, लाज वाटली. त्या दोन बायका बसल्या होत्या.

"ते समजलं. पहिल्या दिवशी लाज वाटली. नंतरच्या दिवसाचं सांग."

  मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं, जवळ घेतलं नाही, पाणीही दिलं नाही. त्या शांत आवाजात म्हणाल्या, "मी किती पोरी वापस पाठवल्या, शैले. माह्या पोरीले मी हातगुणाची भीती घातली. तू त्या खुर्चीत बसून ऐकत होती." आणि थोड्या वेळानं, "आता जा. मले कामं हायेत."

मी गेले. चार दिवस त्यांच्या घराकडे फिरकले नाही. पाचव्या दिवशी ऑफिसातून निघताना रेणूचा फोन आला. माँ आलीय म्हणाली, रिक्षा करून, पेटी घेऊन, न सांगता. दुकानात शिरल्या, गिऱ्हाइकांसमोर म्हणाल्या, तू बरोबर होती पोट्टे, मी चुकली. रेणू फोनवर रडत होती आणि मध्येच हसत होती. का चुकली ते त्यांनी तिला सांगितलं होतं, नाव न घेता. मी बसस्टॉपवर उभी होते. मी तिला नाव सांगितलं.  ती म्हणाली, "संडे को आ जाइए दीदी. माँ बुला रही है."

रविवारी मी गेले. मला वाटलं, मला बोलून घेतील आणि मोकळ्या होतील. तसं झालं नाही. मंदाताई दुकानाच्या दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. कुरळ्या केसांची एक कॉलेजची मुलगी आली. रेणूनं तिला विचारलं, पहले क्या लगाया है? मुलगी म्हणाली, कुछ नहीं. मंदाताईंनी माझ्याकडे बोट केलं आणि तिला म्हणाल्या, "पहले इनकी सुन ले." मी एका अनोळखी पोरीसमोर माझी सगळी कथा सांगितली, मिल, चुरा, भोपाळच्या बायका, खोटे पाहुणे, वीस वर्षं. ती तोंडात बोट घालून ऐकत राहिली, आणि मग हळूच म्हणाली की दोन महिन्यांपूर्वी काळी पावडर लावली होती. रेणूनं तिला त्या दिवशी परत पाठवलं.

तेव्हापासून माझे रविवार तिथं लागले. मंदाताई आणखी तीन वर्षं जगल्या. रेणूच्या हाताखाली त्यांनी कुरळ्या केसांना क्रीम लावायला पुन्हा सुरुवात केली. आधी बट, मग कमी ताकदीचं क्रीम, वेळ निम्मा. ट्यूबही स्वतःच उघडायच्या. माझ्याशी पूर्वीसारखं बोलायच्या, टोमणे मारायच्या, माझ्या नवऱ्याच्या टकलाची चौकशी करायच्या. पण प्रत्येक नव्या मुलीसमोर मला उभं करायचं त्यांनी एकदाही सोडलं नाही. माझी मान खाली जायची आणि त्या दाराशी बसून ऐकायच्या, जणू पहिल्यांदाच ऐकत आहेत.

शेवटी शेवटी त्या पलंगावरच असायच्या. एका रविवारी मी त्यांच्या केसांना तेल लावत होते. जे माझ्या मनात कितीतरी दिवस होतं, ते विचारलं. "मंदाताई, मला माफ केलं का तुम्ही?"

त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवले. "माफ केलं असतं तं तू रविवारी आली असती का व?"

त्यानंतर दोनच महिन्यांत त्या गेल्या. पुढं रेणूनं मला कधी या म्हटलं नाही आणि येऊ नका असंही म्हटलं नाही. मी अजून जाते.